सावित्रीच्या खाडीतला जाम झालेला पंप

कोकणात लोक मासे खायला जातात, समुद्र बघायला जातात, गेला बाजार लग्नाला तरी जातात. आम्ही गेलो ते एक रबराचं चाक घेऊन. तळहातावर मावेल एवढं, भोवती जाड पाती असलेलं काळं चाक. त्याला इम्पेलर म्हणतात, हे मला त्या गुरुवारपर्यंत ठाऊकही नव्हतं, आणि ठाऊक नसल्यामुळे माझं काही अडलंही नव्हतं.

गुरुवारी संध्याकाळी कात्रजच्या शाळेतून धायरीला घरी पोचते तर बाबा दारातच उभे. पायात बूट. मी गणित शिकवते, दिवाळीची सुट्टी संपून शाळा नुकतीच उघडलेली, त्यामुळे आल्या आल्या चहा आणि शांतता एवढीच माझी अपेक्षा होती. बाबा म्हणाले, "पर्स ठेवू नकोस, नाना पेठेत जायचंय. आणि उद्यापासून रजा टाक." आई आतून ओरडली, की बापाचं डोकं फिरलंय, पोरीचंही फिरवतोय, फिरवू दे.

थोडं मागचं सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल आम्ही बोटी वगैरे बाळगणारे लोक आहोत. बाबांचं आणि हमीदकाकांचं सदाशिव पेठेतल्या एका बोळात स्कूटरचं गॅरेज होतं. उभी हयात भागीदारीत गेली. इंजिन बाबांचं, वायरिंग हमीदकाकांचं, गिऱ्हाइकाला उलट उत्तर द्यायचं खातं दोघांचं मिळून. गुडघे कुरकुरायला लागल्यावर दोघांनी गॅरेज विकलं. हमीदकाका आणि जुबेदाकाकी सावित्रीच्या खाडीकाठी आपल्या गावी राहायला गेले, आणि आले त्या पैशांतून दोघा मित्रांनी काय करावं? अर्ध्या अर्ध्या भागीत एक जुनी फायबरची बोट घेतली, डिझेल इंजिनवाली. बाबांना पोहता येत नाही. खडकवासल्याला भजी खायला गेलो तरी पाण्यापासून लांबची खुर्ची बघतात. पण बोटीचं इंजिन पुसायला वर्षातून दोनदा न चुकता कोकणात.

तर दुपारी हमीदकाकांचा फोन आला होता. बोटीचा पाण्याचा पंप जाम झालाय, तू ये. एरवी बाबांनी दोन शिव्या घालून पुढच्या महिन्याची तारीख दिली असती. पण या वेळी गोष्ट वेगळी होती. खाडीच्या पलीकडच्या गावात काकींची थोरली बहीण राहते. काकी तिला आपा म्हणतात, म्हणून आम्हीही सगळे आपाच म्हणतो. आपांची तब्येत उतरणीला लागली होती, आणि सोमवारी सकाळी मुलगा त्यांना मुंबईला घेऊन जाणार होता. परत येतील असं कुणीच म्हणत नव्हतं. काकींचं पावसाळ्यात खुब्याचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे दोघींची मे महिन्यापासून भेट नाही. आंबेतच्या पुलावरून रस्त्याने वळसा घातला तर दोनेक तास नुसते खड्डे, आणि डॉक्टरांनी काकींना असल्या रस्त्यावर गाडीत बसायची सक्त मनाई केलेली. मच्छीमारांच्या होड्यांत चढायचं तर काठावरून पाय टाकून उडी मारावी लागते. राहिली आमची बोट. तिच्या एका बाजूला बाबांनी कठडा कापून छोटं दार केलंय आणि आत एक खुर्ची पक्की बसवलीय. फळी लावली की काकी वॉकर घेऊन सरळ आत जाऊ शकतात.

"रविवारी दुपारी उधाणाची भरती आहे," बाबा म्हणाले. "तेवढी एकच भरती हातात आहे."

मग मी पर्स ठेवली नाही. स्कूटर काढली आणि गेलो नाना पेठेत.

पंप आणि मोटारींचे सुटे भाग विकणाऱ्या बोळात आम्ही दुकानामागून दुकान पालथं घातलं. हमीदकाकांनी मोबाईलवर पंपाचा नंबर पाठवला होता. बहुतेकांनी नुसती मान हलवली. शेवटी एका दुकानाच्या काउंटरवरच्या गृहस्थांनी चष्मा कपाळावर सरकवून आमच्याकडे नीट पाहून घेतलं आणि विचारलं, "बोटीचा इम्पेलर. अच्छा. बोट कुठं चालवता, मुठेत?" बाबा म्हणाले, धरणातून पाणी सोडलं की मुठेत, एरवी खाडीत. गृहस्थ हसले नाहीत, पण आत जाऊन धुळकट खोका घेऊन आले. किंमत ऐकून मी म्हटलं, एवढ्याशा रबराचे एवढे? त्यावर, "ताई, रबर स्वस्त हवं असेल तर शेजारी स्टेशनरीचं दुकान आहे," असं उत्तर मिळालं. मुकाट्याने पैसे दिले. वर त्यांनी पंपाच्या झाकणाखाली घालायच्या पॅकिंगच्या कागदाचा एक तुकडा फुकट दिला, हे मात्र नमूद करायला हवं.

शुक्रवारी उजाडायच्या आत निघालो. वारजे, चांदणी चौक, पिरंगुट, मुळशी, ताम्हिणी. तुम्ही जाणार असाल तर लवकर निघा, पिरंगुटच्या गर्दीत एकदा सापडलात तर सगळ्या सहलीचा उत्साह तिथेच संपतो. पावसाळ्यातला ताम्हिणी सगळ्यांना आवडतो, पण मला विचाराल तर खरा ताम्हिणी दिवाळीनंतरचा. धबधब्यांखाली नाचणारी मंडळी गेलेली असतात, गवत पिवळं पडायला लागलेलं असतं, सकाळी दरीत धुकं बसलेलं असतं आणि गाडी थांबवली तर पाखरांचा आवाज ऐकू येतो. आम्हाला तो ऐकू आला नाही, कारण बाबा बोलत होते.

बाबा हमीदकाकांवर बोलत होते. मुळशीपासून जे सुरू झाले ते घाट उतरेपर्यंत. त्यांचं निदान घरून निघतानाच पक्कं झालेलं. स्कूटरचं इंजिन वाऱ्यावर थंड होतं, बोटीचं खाडीच्या पाण्यावर. बोटीच्या तळातून पाणी आत ओढायचं, इंजिनभोवती फिरवायचं आणि मागच्या नळीतून बाहेर फेकायचं, हे काम त्या रबरी चाकाचं. पाणी नसताना इंजिन चालवलं तर रबर घासून करपतं. "कोरडा चालवला असणार हमीदने. घाई. जन्मभर घाई. बॅटरी जोडायच्या आधी बटण दाबणारा माणूस." मी म्हटलं, अहो, त्यांनी फोनवर तसं काही सांगितलं का? तर म्हणे, सांगेल कशाला, मी ओळखत नाही का त्याला.

घाटात एका टपरीवर गरम पोहे आणि चहा घेतला, दोघांचं मिळून दोनशेच्या आत झालं. चुलीवरच्या पिठलं-भाकरीची पाटी पुढे बऱ्याच ठिकाणी दिसते, पण ती मंडळी दहाच्या आधी चूल पेटवत नाहीत. माणगावला नेहमीप्रमाणे अडकलो. मग लोणेरे, गोरेगाव आणि आंबेतचा पूल. पुलावर मी दोन मिनिटं थांबलेच. खाली सावित्री रुंद झालेली, पाण्याला मातीचा रंग, दोन्ही काठांना खारफुटीची हिरवी दाटी. समुद्र इथून दिसत नाही, पण हवेत असतो. पुलानंतरचा रस्ता म्हणजे रस्त्याची आठवण आहे. टायरमधली हवा तपासून जा, आणि गुगलने दाखवलेल्या वेळेत एक तास आपला आपण मिळवा. राहायचं असेल तर पुढे हरिहरेश्वरला किंवा वेळासला घरगुती सोय होते. मी गावाचं नाव मुद्दाम देत नाही, तिथे बघण्यासारखं काही नाही आणि तेच त्याचं सुख आहे.

हमीदकाका रस्त्याच्या वळणावरच येऊन उभे होते. गाडी थांबताच म्हणाले, "जयभीम, अशोक." बाबा म्हणाले, "सलाम वालेकुम." गॅरेजचं शटर उघडताना रोज ते दोघं असंच करायचे, एकमेकांचा नमस्कार एकमेकांना. त्यानंतर लगेच बाबांनी विचारलं, की पंप किती वेळ कोरडा चालवलास? हमीदकाका नुसते हसले. बोट पाण्यात घातली, बटण दाबलं, पंप फिरवणारा पट्टा किंचाळायला लागला, मागून पाणी येईना, म्हणून लगेच बंद केलं, एवढंच त्यांनी सांगितलं. "पाच-सहा महिने पडून होती. गाळ गेला असेल आत," म्हणाले.

जुबेदाकाकी ओसरीत वॉकर धरून उभ्या. पुण्यात होत्या तेव्हा दणदण जिने चढायच्या, गॅरेजवर डबा घेऊन यायच्या आणि डबा वेळेत संपला नाही तर दोघांना उभं करायच्या. आता एक पाऊल, मग वॉकर, मग दुसरं पाऊल. मला पाहून वीतभर हसू आलं तोंडावर. मी त्या चालण्याकडे बघतेय हे लक्षात येताच त्यांनी विचारलं, "वाळलीस किती, शाळेत खडू खातेस का?"

संध्याकाळी मी स्वयंपाकघरात त्यांच्यासोबत होते. त्या खुर्चीवर बसून तांदळाच्या भाकऱ्या थापत होत्या, मी तव्यावर उलटत होते, शेजारी कोळंबीचं कालवण रटरटत होतं. बाहेर दोन्ही म्हातारे उद्याच्या कामावरून वाद घालत होते. काकींनी बाहेर कानोसा घेतला आणि आवाज खाली आणला.

"सुजाता, तुझ्या बापाला सांगू नकोस. यांनी मंगळवारीच झाकण उघडून बघितलंय. आत गाळ नाही. ग्रीस आहे, ठासून भरलेलं."

माझ्या लगेच लक्षात आलं. गॅरेजचा एक नियम होता. मे संपायच्या आत जे काही हलतं, फिरतं, गंजू शकतं, त्याला ग्रीस. स्कूटरच्या केबल, लिव्हर, स्टँडची स्प्रिंग, शटरच्या कड्या. पुण्यातल्या अर्ध्या जुन्या स्कूटरी त्या ग्रीसवर पावसाळे काढून गेल्या असतील. बाबा तर घराच्या दाराच्या बिजागऱ्यांनाही लावतात आणि आईच्या साड्यांना डाग पडतात. मे महिन्यात बोट काठावर ओढून ठेवायला बाबाच आले होते, आणि जाताना पंप उघडून त्यांनी त्यातही मायेने ग्रीस भरलं होतं. लोखंडाला ते चांगलंच. पण त्या जातीच्या रबराला तेलकट काही चालत नाही. ते फुगतं. पाच-सहा महिने ग्रीसमध्ये राहून चाक इतकं फुगलं, की पंपाच्या पितळी घरात घट्ट रुतून बसलं.

मी विचारलं, मग काका बोलले का नाहीत? काकी म्हणाल्या, आधी तर दोन दिवस स्वतःच खटपट केली. वायरिंगवाल्या बोटांत आता जोर नाही, चाक जागचं हललं नाही. गावातला मिस्त्री म्हणाला, अख्खा पंप काढून महाडला पाठवा, आठवडा जाईल. मग फोन केला. "मला म्हणाले, अशोकला कळलं की त्याच्या ग्रीसमुळे झालं, तर तो तोंड दाखवणार नाही. गाळ म्हणू. गाळाला कुठं वाईट वाटतं?" असं सांगून त्या पुढची भाकरी थापायला लागल्या, आणि एक भाकरी तव्यावर माझ्या हातून करपली.

शनिवारी सकाळी बोटीवर गेलो. बोट खाडीच्या एका फाट्यात बांधलेली. बाबा उभं आयुष्य पाण्याला घाबरलेत, पण इंजिनाचं झाकण उघडलं की त्यांना आपण पाण्यावर आहोत याचा विसर पडतो. आधी तळातून पाणी आत घेणारा कॉक बंद केला. मग पंपाच्या झाकणाचे स्क्रू. पहिला स्क्रू काढताना बाबा थांबले, चष्मा पुसला, स्क्रूच्या खाचेकडे बघितलं, मग पुढचा काढला. मी हमीदकाकांकडे पाहत होते. ते खाडीकडे पाहत होते.

झाकण निघालं. झाकणाची आतली बाजू स्वच्छ होती, पण आत पात्यांच्या मधे पिवळट ग्रीसचे गोळे तसेच.

बाबांनी आत बोट घालून थोडं ग्रीस बाहेर काढलं, दोन बोटांत चोळलं, नाकाशी नेलं. सगळी गॅरेजवाली मंडळी असंच करतात, जणू वासावरून गुन्हेगार ओळखायचाय. मग हमीदकाका म्हणाले, "गाळच दिसतोय." बाबांनी फडक्याला बोटं पुसली आणि पक्कड मागितली. मुळशीपासून ज्या माणसाचं तोंड बंद नव्हतं, तो त्यानंतर दुपारपर्यंत एक अक्षर बोलला नाही.

चाक काढायचं कसं, ते सांगते, कारण तुमच्यापैकी कुणी कधी बोट घेण्याचा मूर्खपणा केलाच तर कामाला येईल. स्क्रूड्रायव्हरने उचकटायचं नाही, पितळेला ओरखडा पडला की पंप पाणी धरत नाही. दोन पकडींनी दोन्ही बाजूंची पाती धरून सरळ बाहेर ओढायचं. आमचं चाक मात्र सरळपणे येणाऱ्यांतलं नव्हतं. ओढलं की पात्याचा तुकडा पकडीत यायचा आणि चाक जागच्या जागी. काकींनी किटलीतून गरम पाणी पाठवलं, ते पितळेवर ओतलं, पुन्हा ओढलं. शेवटी बाबांनी ब्लेडने एकेक पातं कापून काढलं. मधला गोल भाग दांड्यावर गच्च बसला होता, त्याला बेअरिंग काढायचा पुलर लावला. बाबा पुलर पिळत होते, हमीदकाका तो सरकू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून बसले होते. ते हात थरथरत होते. बाबांनी एकदा ते पाहिलं आणि पुलर पिळायचा वेग कमी केला. कट्ट असा आवाज झाला आणि ते मेलं एकदाचं बाहेर आलं.

नवीन चाक बसवताना ते ओलं आणि बुळबुळीत करावं लागतं, पहिल्या फेऱ्यांना कोरडं घासू नये म्हणून. बाबांचा हात सवयीने पेटीतल्या ग्रीसच्या डब्याकडे गेला. गेला आणि डब्यावरच थांबला. हमीदकाकांनी काही न बोलता काकींच्या भांडी घासायच्या साबणाची बाटली त्यांच्यापुढे सरकवली. बाबांनी ती घेतली. सगळी पाती एकाच दिशेला मुडपून चाक आत फिरवलं. पॅकिंगचा कागद झाकणावर ठेवून हातोडीने कडेकडेने टिचक्या मारत नेमका कापला, गॅरेजमध्ये कापायचे तसाच. झाकण लावलं, कॉक उघडला, इंजिन सुरू केलं.

मागच्या नळीतून पाणी आलं. पण कसं, तर म्हाताऱ्या माणसाच्या लघवीसारखं. थेंब थेंब, मग थोडी धार, मग पुन्हा थेंब. इंजिन तापायला लागलं. बंद केलं. एव्हाना ओहोटी लागून फाट्यातलं पाणी गेलं होतं आणि बोट चिखलात बसली होती. पाणी परत येईपर्यंत तपासणार कशात? मध्यरात्रीच्या भरतीवर काही करायचं तर अंधारात, आणि दोघांचेही डोळे अधू. रविवारचा दिवसच काय तो उरला.

रात्री जेवताना काकींनी एकदाही विचारलं नाही, की काय झालं. सगळ्यांना दोनदा वाढलं. त्यांचा मोबाईल वाजला, पलीकडून आपा होत्या. काकी त्यांच्या कोकणी बोलीत एवढंच म्हणाल्या, की येते आहे, उद्या येते आहे. बाबा ताटावरून उठले आणि हात धुवायला गेले ते बराच वेळ आलेच नाहीत.

माझं डोकं मात्र त्या तुकड्यांवर अडकलं होतं. सगळे तुकडे मी एका वाटीत जमा केले होते. रविवारी सकाळी ते ओसरीवर मांडले आणि जुळवायला बसले. गणिताची बाई आहे, अपूर्णांक जुळवायची जन्माची सवय. नव्या चाकाला जितकी पाती तितकी जुन्याला असणार. एक अर्धं पातं कुठेच बसेना, म्हणजे त्याचा उरलेला अर्धा वाटीत नव्हताच. मग तो गेला कुठे? बाबांनी माझ्याकडे बघितलं, हमीदकाकांनी बाबांकडे बघितलं, आणि दोघं चपला न घालता बोटीकडे निघाले. पंपातून पुढे जाणारी नळी सोडवली. तिच्या पहिल्याच वळणात ते काळं अर्धं पातं आडवं बसलेलं. हमीदकाकांनी वायर वाकवून आकडा केला आणि ते बाहेर ओढलं. माझ्या हातावर ठेवून म्हणाले, "पोरी, आमच्या गॅरेजला तू हवी होतीस."

फाट्यात पाणी चढायला लागलं होतं. पुन्हा इंजिन सुरू केलं. या वेळी मागच्या नळीतून भक्कन धार आली आणि येत राहिली. बाबांनी त्या धारेत हात धरला, किती तरी वेळ धरून ठेवला. मी रडले, सांगायला लाज कसली.

दुपारी काकी निघाल्या. ठेवणीतली निळी साडी, डोक्यावरून पदर, हातात वॉकर. फळीवरून एक पाऊल, मग वॉकर, मग दुसरं पाऊल, आणि त्या आपल्या खुर्चीत बसल्या. खाडी भरून आलेली. दुसऱ्या दिवशी त्रिपुरी पौर्णिमा, त्यामुळे खारफुटीची झाडं कमरेपर्यंत पाण्यात. बाबा सगळ्या वाटेत मागच्या नळीजवळ बसून होते, धारेवरची नजर काढायला तयार नाहीत. मी एवढी वर्षं कोकणात जातेय, पण त्या दिवशीची खाडी मी पाहिलीच नाही, मीही त्या धारेकडेच बघत होते.

पलीकडच्या धक्क्याच्या पायऱ्या केव्हाच वाहून गेल्यात. एरवी बोट खाली आणि धक्का वर डोक्याएवढा. फक्त उधाणाच्या भरतीला पाणी इतकं चढतं, की बोटीचा कठडा आणि धक्का एका पातळीत येतात, आणि तेही तासाभरासाठी. काकींना उतरवलं असतं तर पाणी ओसरल्यावर परत बोटीत घेणं शक्य नव्हतं. आपांना बोटीत आणण्याचा प्रश्नच नव्हता. म्हणून आपांच्या मुलाने त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून, ती खुर्ची शेजाऱ्यांच्या मदतीने उचलून, धक्क्याच्या अगदी कडेला आणून ठेवली होती.

हमीदकाकांनी बोट अलगद लावली आणि दोर सैल धरून बसले. दोन खुर्च्या समोरासमोर आल्या. एक धक्क्यावर, एक बोटीत. दोघींनी एकमेकींचे हात हातात घेतले.

त्या काय बोलल्या ते मला फारसं कळलं नाही. त्यांची बोली भरभर जाते. मधेच दोघी हसल्या, कुणाच्या तरी लग्नातल्या जेवणाची काहीतरी गोष्ट होती. आपांनी काकींच्या पदराची कड नीट केली. बाबांनी इंजिन बंद केलं नाही, पुन्हा सुरू नाही झालं तर, म्हणून. ते धडधडत होतं आणि मागून पाणी पडत होतं.

मग पाणी ओसरायला लागलं. आधी कळलंच नाही. काकींचा हात थोडा वर गेला एवढंच. मग आणखी वर. आपा पुढे वाकल्या, मुलाने मागून त्यांचे खांदे धरले. हमीदकाका दोर सोडत होते, इंच इंच, जितका कमी सोडता येईल तितका. शेवटी नुसती बोटं बोटांत राहिली, आणि मग तीही सुटली. आपा वरून काहीतरी म्हणाल्या. काकींनी मान हलवली.

खाडीच्या मध्यावर येईपर्यंत काकी ताठ बसून होत्या. मग पदर तोंडाला लावला. हमीदकाका सुकाणूवर, त्यांना उठता येईना. थोड्या वेळाने काकींनीच डोळे पुसले आणि मागे न बघता विचारलं, "अशोकभाऊ, पाणी येतंय ना?"

"येतंय, वहिनी," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज मी ओळखलाच नाही.

सोमवारी सकाळी निघालो. काकींनी सुकटीचे आणि कोळंबीच्या कालवणाचे डबे गच्च भरून दिले, ते गाडीत सांडले आणि गाडीचा वास अजून गेलेला नाही. ताम्हिणीत बाबा गप्प होते. मीही स्वयंपाकघरातलं बोलणं माझ्यापाशीच ठेवलं. दुपारी धायरीत पोचलो, आईने दोघांना पाहून पहिला प्रश्न विचारला, बोट बुडाली का? नाही म्हटल्यावर निराश होऊन चहा टाकायला गेली.

काही आठवड्यांनी काकींचा फोन आला. आपा मुंबईत वारल्या. काकी शांत होत्या. मला म्हणाल्या, "भेट झाली होती ग. हात हातात होता. आता माझं काही मागणं नाही." मी फोन ठेवला आणि बाबांना सांगितलं. ते गॅलरीत वर्तमानपत्र घेऊन बसले होते. त्यांनी घडी घातली, पुन्हा उघडली, पुन्हा घातली.

"हमीदने ते झाकण आधीच उघडलं होतं," ते म्हणाले. "स्क्रूच्या खाचा ताज्या होत्या. झाकण आतून पुसलेलं. त्याला माहीत होतं ग्रीस आहे, आणि कुणाचं आहे तेही." मी त्यांच्या शेजारी टेकले. "तू विचार कर. बोट सुरू झाली नसती, वहिनींची भेट झाली नसती, तरी त्याने मरेपर्यंत मला गाळच सांगितलं असतं."

मग त्यांनी फोन लावला. बाबांना ऐकू कमी येतं, म्हणून ते स्पीकरवरच बोलतात, सगळ्या सोसायटीला त्यांच्या सगळ्या भानगडी ठाऊक असतात. आपांबद्दल दोन शब्द झाले, काकींची चौकशी झाली. मग बाबा म्हणाले, "हमीद, ऐक. ते ग्रीस माझं होतं. मे महिन्यात मीच भरलं होतं."

पलीकडून हमीदकाकांचा आवाज आला, गॅरेजमध्ये दुपारी यायचा तसाच.

"ग्रीस कुठलं? गाळ होता तो, अशोक. जेवलास का?"